डबे कुठे अडले?

डिसेंबर 2018 च्या मध्यावर मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे एमएमआरडीएने, वडाळ्याची मोनोरेल तिच्या ठेकेदाराच्या हातून काढून घेतली. त्याच महिन्याच्या 18 तारखेला कल्याणमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते ठाणे-भिवंडी-कल्याण या मेट्रो पाचचं भूमिपूजन झालं. दोन्ही प्रकल्पांचं मालक प्राधिकरण एकच. एका हाताने गाड्या न देणाऱ्याशी करार तोडायचा आणि दुसऱ्या हाताने नव्या मार्गाचा नारळ फोडायचा, असा तो आठवडा होता. भिवंडीकरांना मोनोरेलशी देणंघेणं नसेल. पण त्यांच्या मेट्रोचे डबे वेळेवर येतील की नाही, आले नाहीत तर कोणाची मान धरायची, याचे धडे त्या मोनोरेलमध्येच आहेत.

मोनोरेलचं काम 2008 मध्ये लार्सन अँड टुब्रो आणि मलेशियाची स्कोमी इंजिनिअरिंग यांच्या जोडीला मिळालं. किंमत सुमारे 2,460 कोटी रुपये. खांब, तुळया, स्थानकं उभारायची एलअँडटीने आणि गाड्या द्यायच्या स्कोमीने, अशी ढोबळ वाटणी होती. चेंबूर ते जेकब सर्कल हा वीसेक किलोमीटरचा मार्ग 2011 पर्यंत पुरा व्हायचा होता. वडाळा ते चेंबूर हा पहिला टप्पा सुरू झाला फेब्रुवारी 2014 मध्ये आणि दुसरा मार्च 2019 मध्ये, तोवर स्कोमी निघूनही गेली होती. करारातल्या पंधरा गाड्यांपैकी आल्या दहाच. 9 नोव्हेंबर 2017 च्या पहाटे म्हैसूर कॉलनी स्थानकात एका गाडीचे दोन डबे जळाले. गाडीत प्रवासी नव्हते म्हणून जीवितहानी टळली, पण सेवा 1 सप्टेंबर 2018 पर्यंत बंदच राहिली. पुन्हा सुरू झाली तेव्हा धावण्याजोग्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या. बाकीच्या वडाळ्याच्या डेपोत उभ्या होत्या, आणि चालत्या गाडीचा एखादा भाग बिघडला की तो उभ्या गाडीतून काढून बसवला जाई. नवे सुटे भाग पुरवठादाराकडून येत नव्हते आणि बाजारात ते कुठे मिळत नव्हते. फेरीमागे मिळणारा दर परवडत नाही, तो वाढवा, अशी ठेकेदाराची मागणी मात्र चालूच होती.

वाचणारा विचारेल, मग एमएमआरडीए इतकी वर्षं काय करत होती? नोटिसा जात होत्या, दंडही लागत होता. पण मोनोरेलचा खरेदीदार फार विचित्र जागी उभा असतो. साध्या रेल्वेचा रूळ ठरावीक मापाचा, त्यावर कोणाचाही डबा धावू शकतो. मोनोरेलची गाडी काँक्रीटच्या तुळईला दोन्ही बाजूंनी मिठी मारून धावते. त्यामुळे तुळईची रुंदी, विजेच्या पट्टीची जागा, सांधे बदलण्याची यंत्रणा सगळं एका कंपनीच्या आराखड्यानुसार बांधलेलं असतं. तुळया ओतून झाल्या की गाडी कोणाची घ्यायची हा प्रश्न उरत नाही. भिवंडीतला कापडाचा व्यापारी जॉबवर विणणाऱ्याला सूत देतो, आणि माल उशिरा आला किंवा ताग्यात खोट निघाली तर मजुरी कापतो. कापू शकतो, कारण पुढच्या गल्लीत तोच माल विणणारे आणखी पन्नास माग खडखडत असतात. तो धाक असतो म्हणून कपात करायची वेळच क्वचित येते. मोनोरेलवाल्याला पुढची गल्लीच नव्हती.

स्कोमीची स्वतःची परिस्थिती बिकट होती, हेही सांगायला हवं. क्वालालंपूरची मोनोरेल 2003 मध्ये सुरू झाली, ती बांधणारी मूळ कंपनी पुढे स्कोमीने विकत घेतली आणि त्या भांडवलावर जगभर ऑर्डरी मिळवल्या. मुंबई मिळाली, ब्राझीलमधलं साओ पाउलो मिळालं, खुद्द क्वालालंपूरची नव्या बारा गाड्यांची ऑर्डरही 2011 मध्ये मिळाली. एवढं काम एकदम पेलायला लागणारा पैसा आणि कारखाना मात्र नव्हता. क्वालालंपूरला बाराऐवजी पाचच गाड्या मिळाल्या आणि तिथल्या प्रसराना या सरकारी कंपनीने करार मोडला. साओ पाउलोचा सतरा क्रमांकाचा मार्ग 2014 च्या फुटबॉल विश्वचषकासाठी विमानतळाला जोडायचा होता. विश्वचषक आला आणि गेला, स्कोमीच्या गाड्या आल्या नाहीत, शेवटी तिथे चीनच्या बीवायडीला बोलवावं लागलं. म्हणजे दोन खंडांतली तीन शहरं एकाच वेळी एकाच आजारी कारखान्याच्या दाराशी उभी होती. माझ्या मते मोनोरेलचा पहिला चुकीचा निर्णय इथे दडलेला आहे. निविदा तपासताना कंपनीने पूर्वी काय बांधलं हे बारकाईने पाहिलं जातं. तिच्या हातात आत्ता आणखी किती कामं आहेत आणि ती करायला तिच्याकडे खेळतं भांडवल किती, हे तितक्या बारकाईने पाहिलं जात नाही.

करार तोडल्यावर काय होतं तेही मुंबईने अनुभवलं. एमएमआरडीएने ठेकेदाराच्या बँक गॅरंटीवर हात टाकला आणि मोनोरेल स्वतः चालवायला घेतली. दहा नव्या गाड्यांची निविदा काढली तर पुढे आल्या दोन चिनी कंपन्या. जून 2020 मध्ये, गलवानच्या चकमकीनंतर काही दिवसांतच, ती निविदा रद्द झाली. मग हैदराबादच्या मेधा सर्व्हो ड्राइव्ह्जला सुमारे 590 कोटी रुपयांत दहा गाड्यांचं काम मिळालं. या कंपनीने रेल्वेसाठी विजेची यंत्रणा भरपूर बनवली होती, मोनोरेल मात्र पहिल्यांदाच. भारतात दुसरं कोणी बनवणारं नव्हतंच. नव्या गाड्या येऊन तपासून होईपर्यंत जुन्याच पळत राहिल्या. 19 ऑगस्ट 2025 ला मुसळधार पावसात लोकल बंद पडल्या, माणसं मोनोरेलमध्ये कोंबली गेली आणि गाडी म्हैसूर कॉलनी आणि भक्ती पार्कच्या मध्ये उंचावर अडकली. 104 टन पेलणाऱ्या गाडीवर 109 टन भार झाला होता, असं एमएमआरडीएने सांगितलं. अग्निशमन दलाने शिड्या लावून पाचशेहून अधिक प्रवासी उतरवले. त्या दिवसाचं खापर फक्त कमी गाड्यांवर फोडता येणार नाही, पाऊसही होता. तरी पुढची गाडी पाच मिनिटांत येणार असते तेव्हा माणूस इतका कोंबून घेत नाही. 20 सप्टेंबर 2025 पासून नव्या गाड्या आणि नवी सिग्नल यंत्रणा बसवण्यासाठी मोनोरेल पूर्ण बंद ठेवण्यात आली, आणि 5 नोव्हेंबरला त्या नव्या गाड्यांतलीच एक वडाळ्याला चाचणीत अपघातग्रस्त झाली. करार तुटून तेव्हा जवळपास सात वर्षं झाली होती.

आता दंडाकडे वळू. सरकारी खरेदीत उशिराच्या दंडाला अभियंते ‘एलडी’ म्हणतात. सर्वसाधारण नियम असा की उशिराच्या प्रत्येक आठवड्याला मालाच्या किमतीच्या अर्धा टक्का कापायचा, पण एकूण कपात दहा टक्क्यांवर जाऊ द्यायची नाही. ऐकायला कडक वाटतं. हिशेब मांडून पाहा. दहा टक्क्यांची मर्यादा विसाव्या आठवड्यात गाठली जाते. एकविसाव्या आठवड्यापासून पुरवठादाराला उशिराचा नवा खर्च काहीच नाही. पाच महिने उशीर करणारा आणि पाच वर्षं उशीर करणारा, दोघांचा दंड सारखाच. आता समजा, खांब, पूल, स्थानकं यांवर 5,000 कोटी खर्च झाले आहेत आणि गाड्यांची किंमत 1,000 कोटी आहे. गाड्यांवरचा कमाल दंड झाला 100 कोटी, तोही एकदाच. पण गाड्यांवाचून रिकाम्या राहिलेल्या पुलावरचं व्याज आठ टक्क्यांनी धरलं तरी वर्षाला 400 कोटी. गाडी हा प्रकल्पाचा लहान भाग असतो, पण तो अडला की मोठा भागही अडतो. दंड मात्र लहान भागाच्याच किमतीवर मोजला जातो.

कायदा काय म्हणतो? भारतीय करार कायदा 1872 चा. त्याच्या 74 व्या कलमानुसार करारात आधीच लिहून ठेवलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते, आणि तिच्या आत वाजवी भरपाई मिळते. पण नुकसान सिद्ध करायचं की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद झाले. ओएनजीसीने 1996 मध्ये सॉ पाइप्स या कंपनीकडे विहिरींसाठी पोलादी नळ्या मागवल्या. युरोपातल्या पोलाद कारखान्यांत संप झाला आणि माल लांबला. ओएनजीसीने मुदत वाढवून दिली, मात्र दंड कापणार हे पत्रात लिहूनच. लवाद म्हणाला, तुमचं किती नुकसान झालं ते दाखवा, नाहीतर पैसे परत करा. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लवादाचा निर्णय फिरवला. न्यायालयाने उदाहरण दिलं ते रस्त्याचं आणि पुलाचं. पूल उशिरा झाला तर समाजाचं किती नुकसान झालं, हे रुपयांत सिद्ध करणं जवळपास अशक्य. म्हणूनच दोन्ही पक्षांनी आधी रक्कम ठरवलेली असते, आणि ती खरोखरचा अंदाज असेल तर प्रत्यक्ष नुकसान सिद्ध करायची गरज नाही. 2015 च्या कैलाशनाथ खटल्यात न्यायालयाने याला जोड दिली. नुकसान मुळात झालेलंच नसेल तर दंडही नाही, आणि जिथे ते मोजता येतं तिथे मोजून दाखवा. मेट्रोच्या बाजूने पाहिलं तर हे दोन्ही निकाल सोयीचेच आहेत, कारण उशिरा आलेल्या मेट्रोने किती माणसांचे किती तास खाल्ले हे कोण मोजणार?

पण त्याच कायद्यात एक कलम आहे जे सरकारी कार्यालयांना वारंवार नडतं. कलम 55. वेळ महत्त्वाची ठरवलेली असताना माल उशिरा आला आणि तुम्ही तो निमूट स्वीकारला, तर उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. मागायची असेल तर स्वीकारतानाच तसं कळवावं लागतं. ओएनजीसी जिंकली त्यात तिच्या मुदतवाढीच्या पत्रातल्या त्या एका वाक्याचा मोठा वाटा होता. फाइलीवर ‘मुदतवाढ मंजूर’ एवढंच लिहिलं की पुरवठादाराचा वकील नंतर तोच कागद न्यायालयात फडकवतो. ‘दंडाचा हक्क राखून मुदतवाढ’ लिहायला चार शब्द जास्त लागतात.

दंडाने गाड्या येतात का, हे पाहायचं तर कॅनडातलं टोरांटो बघावं. तिथल्या रस्त्यांवर आजही ट्राम धावते. आपल्याकडे मुंबईची ट्राम 31 मार्च 1964 ला बंद झाली, त्यांनी मात्र ती जपली. तिथल्या टीटीसी या परिवहन संस्थेने 2009 मध्ये बंबार्डियरला 204 नव्या ट्राम सांगितल्या. पहिली ट्राम रस्त्यावर आली ऑगस्ट 2014 मध्ये, आणि मग पुरवठा रखडतच गेला. काही भाग मेक्सिकोतल्या कारखान्यात बनत, ते ओंटारिओतल्या थंडर बे इथे जोडताना एकमेकांत बसत नसत. 2015 मध्ये टीटीसीने पाच कोटी डॉलरची भरपाई मागितली. त्याने फरक पडला तो वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत. गाड्यांची गती वाढायला मात्र किंग्स्टनजवळ जोडणीची दुसरी लाइन उघडावी लागली. नंतर वेल्डिंगमध्ये दोष सापडले आणि आधीच्या 67 ट्राम दुरुस्तीसाठी कारखान्यात परत पाठवाव्या लागल्या. शेवटची, दोनशे चौथी, ट्राम जानेवारी 2020 मध्ये पोचली. आणि पुढे काय झालं? टीटीसीला आणखी साठ ट्राम हव्या होत्या. त्याही त्याच कंपनीकडून घेतल्या, कारण तोवर कारागीर तयार झाले होते, डेपो त्याच गाड्यांच्या मापाने बांधलेले होते आणि नवा पुरवठादार आणला असता तर पहिला गोंधळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला असता. त्याच भागातल्या मेट्रोलिंक्स या दुसऱ्या परिवहन संस्थेने थोडं वेगळं केलं. बंबार्डियरच्या 182 गाड्यांची ऑर्डर 76 वर आणली आणि 61 गाड्या अल्स्टोमकडे वळवल्या. पुरवठादाराला हलवायला त्या 61 गाड्या पाच कोटी डॉलरच्या दाव्यापेक्षा जास्त उपयोगी पडल्या असाव्यात असं मला वाटतं. पुढे अल्स्टोमनेच बंबार्डियरची रेल्वे शाखा विकत घेतली, ही गंमत वेगळी.

आपल्याकडे सर्वांत धारदार हत्यार मानलं जातं ते बँक गॅरंटीचं. ती बिनशर्त असेल तर खरेदीदाराने मागताच बँकेने पैसे द्यायचे. पुरवठादार न्यायालयात धावला तरी उघड फसवणूक किंवा भरून न येणारं नुकसान असल्याशिवाय न्यायालय थांबवत नाही. हा दंडक सर्वोच्च न्यायालयाने 1980 च्या दशकातच घालून दिला आहे. हत्यार धारदार आहे खरं, पण ते एकदाच चालतं, आणि चालवलं की संबंध संपला. म्हणून ते बहुतेक वेळा म्यानातच राहतं आणि नुसतं दाखवलं जातं. बेंगळुरूने तसंच केलं. तिथल्या मेट्रोने डिसेंबर 2019 मध्ये चीनच्या सीआरआरसीला 216 डब्यांचं, 1,578 कोटींचं काम दिलं. अट अशी की बहुतेक डबे भारतात बनवायचे. एप्रिल 2020 मध्ये केंद्राने सीमेलगतच्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला आधी मंजुरीची अट घातली, चिनी अभियंत्यांच्या व्हिसांची अडचण झाली आणि आंध्रातला नियोजित कारखाना उभाच राहिला नाही. नोटिसा गेल्या, बँक गॅरंटी वटवण्याचा इशारा दिला गेला. अखेर सीआरआरसीने बंगालच्या टिटागढ कंपनीला सोबत घेतलं आणि तिच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून पहिली गाडी जानेवारी 2025 मध्ये निघाली. 19 किलोमीटरचा येलो लाइनचा मार्ग 10 ऑगस्ट 2025 ला सुरू झाला तो तीन गाड्यांवर, दर पंचवीस मिनिटांना एक.

एसटीच्या इलेक्ट्रिक बसची कथा आणखी निराळी, तिच्यावर फार थांबत नाही. तिथे बस विकत घ्यायचीच नाही, भाड्याने घ्यायची आणि किलोमीटरमागे पैसे मोजायचे. पुरवठादाराची बस धावली तरच त्याला उत्पन्न, म्हणजे उशिराचा चटका त्यालाच बसायला हवा. तरीही 5,150 बसचा करार झाल्यावर पुरवठा इतका मागे पडला की मे 2025 मध्ये परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी करार रद्द करण्याचे आदेश दिले. भाड्याच्या करारातही मागची अडचण तीच. एवढ्या संख्येने बस बनवणारा दुसरा कोण, याचं उत्तर मिळेपर्यंत रद्द करण्याची भाषा आणि मुदतवाढीची भाषा एकमेकांच्या मागे येत राहतात.

आणि आता भिवंडी. मेट्रो पाचचा मार्ग 24.9 किलोमीटरचा, मूळ अंदाजे खर्च 8,416 कोटी. ठाण्याच्या कापूरबावडीपासून बाळकुम, कशेळी, काल्हेर, पूर्णा, अंजूरफाटा करत भिवंडीच्या धामणकर नाक्यापर्यंतचा पहिला टप्पा. त्यापुढचा कल्याणकडचा भाग दुसऱ्या टप्प्यात. भिवंडी शहरातली रस्त्यालगतची घरंदुकानं वाचवण्यासाठी त्यातला काही भाग भुयारी करायचं ठरलं. दिवा-वसई मार्गावरचं भिवंडी रोड स्थानक शहराबाहेर पडतं, आणि तिथून ठाण्याला सरळ गाडी नाही. यंत्रमाग आणि गोदामांच्या या शहराला ठाण्याशी जोडणारा रस्ता म्हणजे कशेळीच्या खाडीपुलावरून ट्रकांच्या रांगेतून जाणारा. त्यामुळे डबे सहा महिने लांबणं याचा अर्थ इथे मुंबईपेक्षा वेगळा आहे.

गाड्यांचं काम टिटागढला मिळालं 2025 मध्ये, भूमिपूजनानंतर जवळपास सात वर्षांनी. रक्कम 2,481 कोटी, डबे 132, म्हणजे सहा डब्यांच्या बावीस गाड्या, आणि त्याच ठेक्यात सिग्नल आणि इतर यंत्रणाही. बेंगळुरूतली नोटीस सीआरआरसीला होती, टिटागढ तिथे मदतीला आलेली जोडीदार होती, हे लक्षात ठेवूनच तिच्याकडे पाहायला हवं. पुण्याच्या मेट्रोचे अ‍ॅल्युमिनियमचे डबेही तिचेच. एकाच ठेक्यात गाड्या आणि सिग्नल दोन्ही दिल्याने एक नेहमीची पळवाट बुजते. सिग्नलवाला गाडीवाल्याकडे आणि गाडीवाला सिग्नलवाल्याकडे बोट दाखवतो, ते इथे चालणार नाही.

पण बोट दाखवायला आणखी एक दिशा उरते, ती खरेदीदाराची. मेट्रो पाच कापूरबावडीला ज्या मेट्रो चारला भेटते तिच्या 234 डब्यांचं काम 2021 मध्ये बंबार्डियरला मिळालं होतं. मोघरपाड्याच्या कारशेडची जागा काही ताब्यात येईना. गाड्या आणून ठेवायच्या कुठे, तपासायच्या कुठे? तो करार गाडी न येताच संपुष्टात आला आणि डब्यांची निविदा पुन्हा काढावी लागली. उशीर तिथे पुरवठादाराचा नव्हता. मेट्रो पाचची कारशेडही आधी कोनगावला व्हायची होती, नंतर ती कशेळीला हलवली. पुरवठादाराशी भांडताना त्याच्या वकिलाचा पहिला प्रश्न हाच असतो, की डेपोचे रूळ, वीज आणि चाचणीचा ट्रॅक तुम्ही आम्हाला कोणत्या तारखेला दिलात. ती तारीख करारातल्या तारखेनंतरची असेल तर पुरवठादाराची मुदत आपोआप पुढे सरकते आणि दंडाचं घड्याळ चालूच होत नाही.

पहिल्या गाडीची बातमी येते तेव्हा छायाचित्रकार कारखान्याच्या दारात उभे राहतात, हार घातलेल्या डब्याचे फोटो छापून येतात. त्याआधी आणखी एक कागद निघतो, डेपोचा ताबा दिल्याचा. त्याचा फोटो कोणी काढत नाही. माहितीच्या अधिकारात मात्र तो मागता येतो, दहा रुपयांच्या अर्जावर. त्याच्याबरोबर करारातलं गाड्यांचं वेळापत्रक, प्रत्येक मुदतवाढीचं पत्र आणि कापलेल्या दंडाचा तपशीलही मागावा. सार्वजनिक पैशाच्या करारातली ही कागदपत्रं बहुतेक वेळा देण्याजोगी असतात. व्यापारी गुपित म्हणून एखादी किंमत झाकली गेली तरी तारखा झाकायचं कारण नाही.